शेंदूर लागलेला कॅमेरा

समाजमंदिराच्या भिंतीवर पांढरी चादर ताणली होती आणि चादरीवर नुसता शेंदरी रंग दिसत होता. वाघ नाही, सांबर नाही, झाडाचं पान नाही. सगळा साजाटोला गाव चटयांवर दाटीवाटीनं बसून तो रंग बघत होता.

"मशीन बिघडली काय जी?" दयारामकाकांनी विचारलं. ते आमच्या वनहक्क समितीचे अध्यक्ष, त्यामुळे पहिला प्रश्न विचारायचा मान त्यांचा.

मृण्मयी मॅडमनी दुसरी क्लिप लावली. शेंदरी. तिसरी लावली, तीही तशीच. मॅडमचा चेहरा पडला आणि माझा त्याहून जास्त पडला. तो कॅमेरा झाडाला बांधला होता मी. महिनाभर त्याच्याजवळ कोणी रेंगाळायचं नाही, असा हुकूम गावाला सोडला होता मीच. आणि तो हुकूम मी स्वतः इतका पाळला होता, की जंगलात जायचं झालं तर दुसऱ्या वाटेनं वळसा घालून जायची.

गावाला जंगलाचा हक्क मिळून तेव्हा थोडेच दिवस झाले होते. जंगल आपलं, तर त्यात काय काय आहे हेही आपणच नोंदवायचं, असं ग्रामसभेत ठरलं आणि ते शिकवायला नागपूरच्या एका संस्थेकडून मृण्मयी मॅडम येऊ लागल्या. टॅबवर झाडाचा फोटो कसा काढायचा, पक्षी दिसला ती जागा नकाशावर कशी टाकायची, पावलाच्या ठशाशेजारी पट्टी ठेवून माप कसं घ्यायचं, हे सगळं त्यांनी आमच्या गटाला शिकवलं. मी बारावी झालेली आणि तोंडानं फटकळ. त्यांनी मलाच गटप्रमुख केलं. तेव्हापासून माझे पाय जमिनीवर नव्हते, हे आता सांगायला हरकत नाही.

चित्र दिसत नाही म्हटल्यावर मॅडमनी निदान आवाज तरी ऐकू म्हणून स्पीकर मोठा केला. शेंदरी चादरीतून सायत्राचा आवाज आला.

"देवा, मी सायत्रा. आवळे आणाले चाललो. दुपारपर्यंत येतो."

सायत्रा माझ्या शेजारीच बसली होती. तिनं तोंडाला पदर लावला. लोक हसायला लागले.

जंगलाच्या तोंडाशी, मोठ्या सागाखाली आमचा वाघदेव आहे. शेंदूर लावलेला उभा पाषाण. जंगलात शिरणाऱ्यानं त्याच्यापुढे थांबायचं, आपलं नाव सांगायचं, कुठं चाललो, कशाला चाललो, कधी परतणार ते सांगायचं, मग पुढं जायचं. परतताना 'आलो गा देवा' म्हणायचं. आमच्या टोल्यात शाळेत न जाणारं पोरही हे चुकवत नाही. वाघाचीही वाट तीच, म्हणून मॅडमनी कॅमेरा देवाच्या समोरच्या झाडाला बांधायला सांगितला होता. देवाशी बोललेलं कॅमेऱ्यात भरलं जाईल, हे त्यांच्याही ध्यानात आलं नाही आणि माझ्याही.

एकेकाचा आवाज येत गेला, तसतशी माणसं खुशीत आली. "आरे, हा मी! मीच हाय हा!" असं दयारामकाका दोनदा ओरडले. आणि मग माझ्या सासूबाईंचा आवाज आला. मी त्यांना आत्या म्हणते.

"देवा, मी दुर्पता. काड्याले जातो. उन्हं चढाच्या आत येतो. सून घरी हाय. घरी हाय म्हणजे टॅबात हाय. दिसभर बोटानं खाली-वर करून रायते. भाजीत मीठ नसते, ध्यान नसते. तिले जराक बुद्धी—"

इथं क्लिप संपली. कॅमेरा वीस सेकंदच चालायचा. पण तेवढ्यानं माझं व्हायचं ते होऊन गेलं होतं. सगळं समाजमंदिर पोट धरून हसत होतं. मॅडमसुद्धा ओठ दाबून खाली बघत होत्या. बायकांच्या मागच्या रांगेत आत्या चिंचा फोडत बसल्या होत्या, त्यांची मान खाली.

मग दयारामकाकांनीच उलगडा केला. "शेंदूर दुर्पताबाईनंच लावला असंल जी. वाघदेवाले तीच लावते ना." माझे सासरे गावचे भुमका होते, म्हणजे देवाचं सगळं करणारे. ते गेल्यावर देवाची रोजची झाडलोट आणि शेंदूर आत्यांकडेच होता.

"होय, मीच लावला," आत्या शांतपणे म्हणाल्या. "मॅडमच बोलल्या ना, का हा जंगलात कोन येते, कोन जाते, सारं पायते. नवा राखनदार बसवला अन् त्याले शेंदूर नाई? वाघदेवाले काय वाटंल?"

"बरोबर हाय," मागून कोणीतरी म्हणालं. अर्ध्या गावाला ते पटलेलं दिसत होतं.

मी उठून उभी राहिले. डोक्यात आग झाली होती. शेंदराची होती की मिठाची, ते मला आजही सांगता येणार नाही.

"महिन्याभराचं काम पान्यात घातलं तुमी आत्या! त्याच्या डोळ्यालेच शेंदूर फासला! तो काय तुमचा दगड हाय, काहीबी फासलं तरी चालते म्हनाले?"

दगड. भुमक्याच्या बायकोपुढं, भर ग्रामसभेत, मी वाघदेवाला दगड म्हटलं होतं. हसणं एकदम थांबलं.

आत्यांनी चिंचांचं सूप उचललं, पदराला लागलेली टरफलं झटकली आणि माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "ठीक हाय. मंग आजपासून मी दगडासंगच बोलतो."

आणि बाई बोलल्या तशा वागल्या.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी खोबरेल तेल आणि मऊ फडकं घेऊन कॅमेऱ्याची काच स्वतः पुसली. रागावल्या नाहीत. उलट कॅमेरा तिथून काढून देवाच्या मागच्या सागावर, पाषाणाच्या जरा वर बांधला. आता देवाकडं तोंड करून बोलणारा माणूस आपोआप कॅमेऱ्याकडंही तोंड करून बोलणार होता. कोणाला देवाकडं पाठ करायला नको आणि पाषाणाचा शेंदूर कॅमेऱ्याला लावायलाही नको, कारण दोघं एकाच ठिकाणी बसले म्हणजे शेंदूर एकच पुरे, असं दयारामकाकांनी ठरवून टाकलं. गावानं मान डोलावली.

"आणि पपिता," मॅडम मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "काल माझं चुकलंच. लोकांचं देवाशी बोलणं असं सगळ्यांपुढे लावायला नको होतं. यापुढे कॅमेऱ्यातलं कार्ड तू एकटीनं बघायचं. माणूस दिसला की ती क्लिप पुसायची. कोणाला दाखवायची नाही, कोणाला सांगायची नाही. हा नियम."

नंतर समाजमंदिरात त्यांनी कॅमेऱ्याची पुन्हा एकदा उजळणी घेतली. समोर काही हललं की तो जागा होतो, वीस सेकंद चित्र आणि आवाज घेतो, मग एक मिनिट झोपतो, पुन्हा हललं की पुन्हा जागा. अंधारात तो चालू असला की आत मंद लाल ठिपके दिसतात. आम्ही माना डोलावत होतो. आत्या दारापाशी पाठ करून चिंचा फोडत होत्या. इकडं त्यांचं लक्ष आहे, असं वाटायला काही जागा नव्हती.

घरात आम्ही दोघीच. माझा नवरा मिरची तोडायला तेलंगणात गेलेला, तो उन्हाळा संपताना येणार. त्यामुळे अबोल्यात मध्यस्थ कोणी नाही. होती ती एक शेळी, चांदी. आत्या तिच्याशी बोलायच्या.

"चांदे, सांग वं कोनाले तरी, चुलीवर चहा उकळून उकळून काढा झाला."

मीही काही कमी नव्हते. "चांदे, ज्याले प्याचा हाय त्यानं उतरवावा."

चांदी दोघींकडं बघून रवंथ करायची. एक मात्र खरं, त्या दिवसापासून मी भाजी चाखल्याशिवाय चुलीवरून उतरवत नव्हते. आत्यांसाठी नाही, चिडून. पुन्हा गावापुढं मिठाचा विषय नको म्हणून.

आठ दिवसांनी मी पहिलं कार्ड काढलं आणि घरामागं बोराच्या झाडाखाली बसून बघितलं. काच आता स्वच्छ होती. एक अस्वल पिल्लू पाठीवर घेऊन गेलं. रानडुकरं गेली. मग आत्या आल्या. पहाटेच्या अंधारात काळ्या-पांढऱ्या दिसत होत्या, डोक्यावर टोपली.

"देवा, मी दुर्पता. काड्याले जातो. लवकर येतो. चांदी मागच्या पायानं लंगडते, कोनी पायलं तं बरं होईल."

बस, एवढंच. मी क्लिप पुसली, कार्ड पिशवीत ठेवलं आणि गोठ्यात गेले. चांदीच्या खुरात बाभळीचा काटा होता.

पुढच्या कार्डावर: "देवा, मी दुर्पता. घरच्या कौलातून उजेड दिसते देवघरापाशी. पानी आलं तं गळंल." मी शिडी लावून कौल सरकवलं. खाली आत्या चांदीला म्हणाल्या, "चांदे, माकडं चढली काय वं घरावर?"

मॅडमनी आठवड्यानं कार्ड काढायला सांगितलं होतं. मी दिवसाआड जायला लागले. बॅटरी बघायला लागते, असं सायत्राला सांगायची. एक गोष्ट तेव्हाही माझ्या नजरेला आली होती. समाजमंदिरात आत्यांचं बोलणं मध्येच तुटलं होतं. आता एकदाही तुटत नव्हतं. नाव, काम, घरचं एक वाक्य, आणि क्लिप संपायच्या आत बाई चालायला लागलेल्या. मी म्हटलं, म्हाताऱ्या माणसाचा दम कमी झाला असेल. मनात आलं की त्या देवाशी बोलतात, आपण चोरून ऐकतो, हे बरं नाही. पण ऐकायची मात्र सोडत नव्हते.

मोह फुलला आणि गावाचा दिवस पहाटे सुरू व्हायला लागला. बायका अंधारातच टोपल्या घेऊन निघायच्या, मोह वेचून उन्हं तापायच्या आत परत. त्याच दिवसांत मॅडमचा जीव एका पक्ष्यासाठी अडकला होता. धनेश. काळा-पांढरा, चोचीवर शिंगासारखी टोपी. शेजारच्या तालुक्यात तो दिसला होता, आमच्या जंगलात त्याची एकही नोंद नव्हती. मादी झाडाच्या ढोलीत शिरून आतून दार लिंपून घेते, फक्त चोच बाहेर येईल एवढी फट ठेवते आणि नर महिनोन् महिने बाहेरून फळं आणून तिला भरवतो, असं मॅडमनी चित्र दाखवून सांगितलं होतं. त्या दिवसांत मी चांदीला चारा टाकताना बडबडले होते, "चांदे, एक ढोली सापडली ना, मंग पाय आमच्या गटाचं नाव!" आत्या तिथंच दोरी वळत होत्या.

दोन-चार दिवसांनी आत्या मोहाला गेल्या आणि परत आल्या नाहीत.

उन्हं चढली तेव्हा मी लक्ष दिलं नाही. बायका परतल्या तेव्हा दारात उभी राहिले. सायत्रा टोपली घेऊन समोरून गेली.

"आत्या कोठी हायत वं?"

"आमच्यासंगं नोत्या. मले वाटलं, आज तुमीच नाई पाठवलं त्यायले."

आमची मोहाची झाडं तळ्याच्या अंगाला आहेत. मी पळत गेले. झाडांखाली फुलांचा सडा तसाच पडलेला, कोणी एक फूल उचललेलं नाही. टोपली नाही, काठी नाही, माणूस नाही. मी हाका मारल्या. तळ्यापर्यंत गेले आणि तळ्याच्या चिखलात ठसे दिसले. ताजे, कडा अजून ओल्या. पट्टी ठेवून माप घ्यायची गरज नव्हती. महिनाभर दुसऱ्यांना शिकवत होते, वाघाचा पंजा कसा ओळखायचा ते.

गाव गोळा झालं. दयारामकाकांनी माणसं वाटली, ताशे-डबे घेतले. सगळे तळ्याच्या बाजूनं निघाले, कारण ठसे त्या बाजूला होते. कोणी माझ्याकडं सरळ बघत नव्हतं. ते न बघणं मला कळत होतं.

"घरून निघताना काय बोलल्या त्या?" काकांनी विचारलं. "कोनत्या अंगाले जातो म्हनाल्या?"

मी काय सांगणार? घरात त्या माझ्याशी बोलतच नव्हत्या. सकाळी उठल्या, टोपली घेतली, चांदीच्या पाठीवरून हात फिरवला आणि गेल्या. मी जागी होते, पांघरुणातून बघत होते. 'कोठी चालल्या?' एवढे दोन शब्द मी विचारले नाहीत. आता जंगल चारी बाजूंना पसरलेलं आणि त्यात माझी आत्या कुठं, हे सांगणारं कोणी नव्हतं.

आणि मग डोक्यात लख्ख उजेड पडला. घरात बोलत नव्हत्या. दगडासंगं बोलत होत्या.

"काका, माणसं थांबवा!" असं ओरडून मी वाघदेवाकडं धावले. टॅब आणायला घरी वळावं लागलं, तेवढ्यात चपलेचा अंगठा तुटला, मग अनवाणीच गेले. सागावर चढून कॅमेऱ्याचं झाकण घाईनं उघडलं, तर कार्ड निसटून देवाच्या पुढ्यात पडलं. मी ते उचललं, देवाच्या पायाशीच बसले आणि टॅबला लावलं.

सांबर. सांबर. अंधारात सायत्रा: "देवा, मी सायत्रा, मोहाले." दुसरी बाई, तिसरी. माझं बोट पुढं पुढं सरकत होतं. मग आत्या.

"देवा, मी दुर्पता. आज मोहाले नाई जात. आज जराक दूर जातो—"

त्यांना ठसका लागला. वाकून खोकत राहिल्या. क्लिप खोकल्यातच संपली.

मला रडूच फुटलं. समोर शेंदूर ल्यालेला देव, त्याला सगळं ऐकू गेलेलं, आणि माझ्या हातात वीस सेकंदांचा खोकला. "सांगा ना," मी म्हणाले. देवाला म्हणाले की टॅबला, कोण जाणे. बोट आपसूक पुढच्या क्लिपवर पडलं.

आत्या तिथंच उभ्या होत्या. गेल्या नव्हत्या. हातातली काठी डोक्यावर धरून कॅमेऱ्यापुढं हलवत होत्या, वर निरखून बघत होत्या.

"पेटला काय? हां, पेटला. लाल झाला." काठी खाली आली. आणि त्या पाषाणाकडं नाही, त्याच्या वर, सरळ माझ्याकडं बघून बोलल्या. "सूनबाई, हत्तीगोट्याच्या नाल्यावर जातो. तुह्या मॅडमले पाह्यजे तो पक्षी तेथी बेहड्याच्या ढोलीत रायत होता, मी पोरगी होतो तवा. अजून हाय काय, पाहून येतो. मंग सांगतो. सांगतो म्हणजे येथीच सांगतो—"

हत्तीगोटा! तळ्याच्या बरोबर उलट बाजूला. मी क्लिप संपायची वाट बघितली नाही. टॅब काखेत मारून ओरडत सुटले. काका आणि चार जण वाटेत भेटले, त्यांना नुसतं "हत्तीगोटा" म्हणाले आणि ते मागं धावत आले.

मार्च संपत आलेला, नाला कोरडा. हत्तीएवढे गोटे एकावर एक पडलेले. उन्हं उतरायला लागली होती. मी एका गोट्यावर चढून जिवाच्या आकांतानं हाक मारली.

"आत्याऽऽ!"

काही नाही.

"आत्याऽऽ! ओ द्या ना वं!"

खालून वारा आला, पानं वाजली, पण माणसाचा आवाज आला नाही. मी पुन्हा हाक मारली. काकांनी डोक्याचं फडकं काढून हातात घेतलं. ते बघून मी गोट्यावर खालीच बसले.

बसले म्हणून दिसल्या. खाली, दोन गोट्यांच्या फटीत, बेहड्याच्या मुळाला टेकून आत्या बसल्या होत्या. एक पाय लांब पसरलेला, घोट्यापाशी सुजून हंडा झालेला. पदराखाली दगडांचा ढीग जमवलेला, जनावर आलंच तर फेकायला. आणि ओठांवर बोट.

मी घसरत, खरचटत खाली पोचले. आत्या डोळे वटारून कुजबुजल्या,

"बोंबलू नोको वं! तुह्या आवाजानं नर दोनदा मागं फिरला. आतमंदी उपाशी बसली हाय ती."

मी वर बघितलं. बेहड्याच्या खोडात उंचावर ढोली होती, तिचं तोंड चिखलानं लिंपून घेतलेलं. फटीतून पिवळट चोचीचं टोक बाहेर आलं आणि आत गेलं.

"म्हणून ओ नाई देल्ली तुमी? माहा जीव जाऊन रायला होता अन् तुमी पक्ष्यासाठी चूप बसल्या?"

"मंग काय करू? एवढा पाय मोडून आलो, अन् ते उडून गेलं असतं तं?"

मी त्यांच्या गळ्यात पडले. रडत होते आणि त्यांना शिव्याही देत होते, एकाच दमात. तोंडाला येईल ते बोलले. त्यांनी माझ्या पाठीवर थोपटलं, दोनदा, चांदीच्या पाठीवर थोपटायच्या तसं. मग म्हणाल्या, "पानी आनलं काय?" नव्हतं आणलं. काकांनी आणलं होतं.

आम्ही सगळे गोट्यांआड दबून बसलो. थोड्या वेळानं पंखांचा भरभर आवाज करत नर आला. केवढा थोरला! चोचीत उंबरं. फटीशी लटकून त्यानं एकेक उंबर आत दिलं. मी टॅब काढून फोटो घेतले, नकाशावर जागा टाकली. घाईत पहिले सगळे हललेले आले. आत्या खाली बसून हुकूम सोडत होत्या, "आता काढ. चोच दिसते, आता काढ!"

काकांबरोबर आलेल्या चौघांनी वाश्यांची डोली बांधली. वाटेत वाघदेवापाशी आत्यांनी डोली थांबवायला लावली. "आलो गा देवा," म्हणाल्या. मग माझ्याकडं बघितलं. मी पुढं झाले, कपाळ पाषाणाला टेकवलं आणि म्हटलं, "देवा, मी पपिता. आत्याले घेऊन आलो." शेंदूर माझ्या कपाळाला लागला. मी तो पुसला नाही.

तालुक्याच्या दवाखान्यात घोट्याला प्लॅस्टर झालं. हाड मोडलं होतं, पण जुळेल म्हणाले. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही घरी आलो. नवऱ्याला फोन झाला, मॅडमना फोटो गेले. मॅडम फोनवर धनेशाबद्दल बोलत होत्या की आत्यांबद्दल, मला कळत नव्हतं, कारण त्या एकसारख्या 'थँक गॉड, थँक गॉड' एवढंच म्हणत होत्या. आत्या ओसरीत खाटेवर, पाय उशीवर. चांदी खाटेशी बांधलेली.

मी चुलीपाशी बसले. भाजी शिजत होती. नियम आठवला, कार्डावरच्या माणसांच्या क्लिपा पुसायच्या राहिल्या होत्या. टॅब घेऊन एकेक पुसत गेले. सायत्रा पुसली. आत्यांचा खोकला पुसला. मग ती दुसरी क्लिप आली. ती मी पुरती ऐकलीच नव्हती. आवाज अगदी बारीक केला आणि टॅब कानाला लावला.

"...सांगतो म्हणजे येथीच सांगतो." आत्या चालायला वळल्या. दोन पावलं गेल्या, थांबल्या, मान वळवून पुन्हा वर बघितलं. जणू काही विसरलेलं आठवलं. "अन् सूनबाई, भाजीत मीठ आता बराबर रायते."

क्लिप संपली.

मी किती तरी वेळ तसाच टॅब कानाला लावून बसले. पुसायच्या बटणावर बोट नेलं आणि मागं घेतलं. ही एक क्लिप मॅडमना सांगून माझ्याकडं ठेवली, ती अजून आहे. गावोगावच्या बायकांना मी आता कॅमेरा शिकवते, माणूस दिसला की पुसा म्हणते. ती एक मात्र आत्यांची आणि माझी आहे.

भाजी उतरवली, ताट वाढलं आणि ओसरीत नेऊन आत्यांच्या मांडीवर ठेवलं. त्यांनी पहिला घास घेतला. चावला. माझ्याकडं बघितलं. चांदीकडं नाही, माझ्याकडं.

"काय वं?" मी विचारलं.

"मीठ नाई भाजीत."

आणि खरंच नव्हतं. टॅब कानाला लावून बसण्याच्या नादात मीठ टाकायचंच राहून गेलं होतं. मला इतकं हसू आलं की डोळ्यांतून पाणी यायला लागलं. आत्यांना काही कळेना, मग त्याही हसायला लागल्या. मी आत जाऊन मिठाचा डबा आणला आणि खाटेवर, त्यांच्या हाताशी ठेवला.